विद्यापीठाच्या लायब्ररीत काही बदलून घ्यायचंय? नवीन आलेल्यांसाठी पायरी पायरीनं

ॲडमिशन झाली, आयकार्ड आलं, लायब्ररीचं बॉरोअर कार्ड झालं, आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की रीडिंग हॉलमध्ये सकाळी आठलाच जागा संपते, हवं ते पुस्तक एकच प्रत आहे आणि ती कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी नेलीय, वायफाय खांबाच्या पलीकडे येत नाही आणि चार्जिंगला पूर्ण हॉलमध्ये दोन प्लग. मग हॉस्टेलवर चर्चा होते, ग्रुपवर मेसेज पडतात, आणि दोन वर्षं संपून माणूस निघूनही जातो. मी एमए आणि पीएचडी मिळून एकाच विद्यापीठात आठ वर्षं काढली, त्यातली बरीचशी लायब्ररीतच, आणि तिथल्या काही गोष्टी बदलताना डोळ्यांनी पाहिल्यात. त्या कशा बदलल्या ते लिहितेय, कारण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी जे सांगतेय ते महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांना धरून आहे. इथे एक गोष्ट आधीच सांगते नाहीतर नवीन माणूस गोंधळतो, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात लायब्ररीला 'ज्ञानस्रोत केंद्र' असं नाव आहे, म्हणून पुण्यात जयकर ज्ञानस्रोत केंद्र, कोल्हापुरात बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र अशा पाट्या दिसतात. आपण बोलताना लायब्ररीच म्हणतो, पण अर्जावर पाटीवरचं नाव लिहा.

आमची पहिली चूक

पहिल्या वर्षी आम्ही बावीस मागण्यांचं निवेदन केलं. तीनशे सह्या गोळा केल्या, थेट कुलगुरूंच्या ऑफिसला नेऊन दिलं, फोटो काढला. वर्षभर काही हललं नाही. आम्हाला वाटलं मुद्दाम दाबलं. नंतर तिथल्याच एका जुन्या क्लार्ककाकांनी समजावलं की अगं, तुमच्या बावीस मागण्या सात वेगवेगळ्या टेबलांच्या आहेत आणि कागद एकच आहे, तो कुणाच्या फाईलला लावायचा? तो कागद लायब्ररीकडे गेला, लायब्ररीनं लाईटसाठी इंजिनीअर विभागाकडे पाठवला, त्यांनी वायफायचा मुद्दा बघून कॉम्प्युटर सेंटरकडे, आणि असा फिरत फिरत एका फाईलमध्ये झोपला. कुणी नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हणायचं काम कुणा एकाचं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला, एका कागदावर एकच मागणी. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पायरी १: आहे ते आधी पूर्ण वापरा

हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण यात खूप काही मिळतं. आमच्यातल्या एकानं अमुक जर्नल घ्या म्हणून अर्ज लिहिला होता आणि ते जर्नल आधीच मिळत होतं, फक्त त्याला माहीत नव्हतं. असा अर्ज गेला की पुढच्या अर्जाचं वजन कमी होतं.

म्हणून पहिल्या महिन्यात एवढं तरी करा. ओपॅक म्हणजे लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग, त्यात लेखकाच्या नावानं, शीर्षकानं आणि विषयानं असं तिन्ही पद्धतीनं शोधून बघा, मराठी पुस्तकं असतील तर देवनागरीत आणि रोमन अशा दोन्ही स्पेलिंगनं, कारण जुन्या नोंदी बऱ्याचदा रोमनमध्ये केलेल्या असतात आणि पुस्तक असूनही सापडत नाही. मग ई-जर्नल्स. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली, त्यात ३० प्रकाशकांची साधारण १३,००० जर्नल्स आहेत आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत. सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजं यात येतात. तरीही मला पीएचडीची मुलं भेटतात जी पेपरसाठी लेखकाला ईमेल करून वाट बघत बसतात! काउंटरवर जाऊन सरळ विचारा, आपलं रजिस्ट्रेशन झालंय का, आणि कॅम्पसबाहेरून वापरायला इन्फेडचं लॉगिन मिळतं का. ते मिळत नसेल तर तुमची पहिली मागणी तुम्हाला सापडलीच.

विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारं गांधीनगरचं केंद्र म्हणजे इन्फ्लिबनेट, त्यांचं शोधगंगा तर फुकटच आहे, देशभरातले प्रबंध त्यावर आहेत. आणि तुमची लायब्ररी डेलनेट या लायब्ररींच्या नेटवर्कची मेंबर असेल तर दुसऱ्या लायब्ररीतलं पुस्तक मागवता येतं, ही सोय असूनही मी आठ वर्षांत ती वापरणारे चार-पाच जणच पाहिले.

पायरी २: काउंटरवरच्या माणसांशी बोला

लायब्ररीत खरी माहिती असते ती देवघेव काउंटरवर आणि रॅकमध्ये पुस्तकं लावणाऱ्यांकडे. आमच्याकडे एक मामा होते, परिचर म्हणून पंचवीस एक वर्षं तिथे. त्यांच्याकडे एक छोटी वही होती, शंभर पानी, कव्हर फाटलेली, त्यात ते रोज लिहायचे की कुणी काय मागितलं आणि ते नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या मनानं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हे पुस्तक आठवड्यात दोघं तरी मागतात ताई, पण लिहून कुणी देत नाही, मी तोंडी सांगून काय होणार." मी त्या वहीतून दोन महिन्यांच्या नोंदी उतरवून घेतल्या, सगळ्यात जास्त मागितलेली अकरा पुस्तकं निघाली, त्यांचा अर्ज केला. त्यातली नऊ त्याच मार्चमध्ये आली.

ही माणसं आपल्या विरुद्ध बाजूला नाहीत हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. रिटायर झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, तीन माणसांचं काम एकजण करतो, त्यात आपण जाऊन आवाज चढवला तर काय होणार. आणि ते जे 'नाही' म्हणतात त्यामागे बऱ्याचदा कारण असतं. उदाहरणार्थ रॅकपर्यंत जाऊ देत नाहीत म्हणून मुलं चिडतात. पण पुस्तक हरवलं तर स्टॉक तपासणीत उत्तर ग्रंथपालाला द्यावं लागतं. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत, २०१७ च्या, दर हजार पुस्तकांच्या वापरामागे पाच पुस्तकं हरवणं हे वाजवी धरलंय, बेइमानी किंवा निष्काळजीपणा नसेल तर. ही तरतूद आम्ही अर्जात लिहिली आणि एकाच विषयाचं सेक्शन तीन महिने खुलं करून बघू असं सुचवलं. ते झालं, कारण त्यात ग्रंथपाल मॅडमना स्वतःच्या पगारातून काही भरावं लागेल ही भीती थोडी कमी झाली.

पायरी ३: मोजा

"जागा पुरत नाही" हे वाक्य ऑफिसात रोज दहा वेळा ऐकलं जातं, त्यानं काही होत नाही. सात दिवस, दिवसातून तीनदा, सकाळी दहा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, हॉलमध्ये किती खुर्च्या, किती भरल्या, किती नुसत्या बॅग ठेवून अडवल्या, किती जण जिन्यात किंवा जमिनीवर बसलेत, एवढंच कागदावर. तिघांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाला रोज पाच मिनिटं.

आमच्या मोजणीत जे निघालं त्यानं आमचाच समज बदलला. आम्ही खुर्च्या वाढवा म्हणणार होतो. पण संध्याकाळी सातला मुलं जिन्यात बसायची आणि हॉलच्या आतल्या बाजूची चार टेबलं जवळजवळ रिकामी असायची! जाऊन बसून बघितलं तर वरच्या दोन ट्यूब गेलेल्या, तिसरी फडफडणारी, पुस्तकाच्या पानावर स्वतःच्याच डोक्याची सावली. म्हणजे प्रश्न खुर्च्यांचा नव्हताच, चोवीसातल्या एकोणीसेक खुर्च्या अंधारामुळे वाया जात होत्या. खुर्च्या मागितल्या असत्या तर खरेदी, कोटेशन, समिती असं दोन वर्षं गेलं असतं. लाईट बारा दिवसांत लागले.

बॅग ठेवून जागा अडवण्याचंही तसंच. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटे येऊन बॅग ठेवतात, जेवायला जातात, झोपून येतात. त्यांच्यावर राग काढू नका, त्यांच्यातल्या कित्येकांना खोलीवर बसायला टेबल नसतं. पण अर्धा तास जागेवर नसेल तर सामान बाजूला ठेवलं जाईल असा नियम बऱ्याच अभ्यासिकांत चालतो, तो आपल्याकडेही लावायला सांगता येतो, आणि सामान ठेवायला कपाटं किंवा रॅक मागता येतात.

पायरी ४: कोणती गोष्ट कुणाच्या हातात

हे नीट समजून घ्या, इथेच बहुतेक अर्ज चुकतात.

पाट्या, मांडणी, काउंटरची वेळ, नवीन पुस्तकं दर्शनी ठेवणं, उशिरा परत करणाऱ्यांना आठवण पाठवणं, पुस्तक राखून ठेवण्याची सोय, हे ग्रंथपाल किंवा संचालक स्वतः ठरवू शकतात. इथून सुरुवात करा, कारण इथे लवकर होतं आणि दोन्ही बाजूंना हुरूप येतो.

लाईट, पंखे, गळती, पिण्याचं पाणी, टॉयलेट ही इंजिनीअर विभागाची कामं. लायब्ररी फक्त पत्र पाठवू शकते. म्हणून अर्ज ग्रंथपालांना आणि प्रत अभियंत्यांना, दोन्हीकडे द्या. मुलींच्या टॉयलेटचं दार बंद होत नसेल, डस्टबिन नसेल, तर लाजून गप्प बसू नका, ते सगळ्यात आधी लिहा. तीन-चार तास सलग बसून वाचायचं म्हणजे ही सोय पुस्तकाइतकीच लागते.

वायफाय, कॉम्प्युटर, ओपॅक बंद पडणं हे कॉम्प्युटर सेंटर आणि लायब्ररीत सॉफ्टवेअर बघणारी व्यक्ती यांच्याकडे. लायब्ररीचं सॉफ्टवेअर कोहा असो की सोल, "चालत नाही" असं लिहू नका, कोणत्या तारखेला किती वाजता काय टाइप केलं आणि स्क्रीनवर काय आलं ते लिहा, फोटो जोडा.

पुस्तकं, जर्नल्स, डेटाबेस, जास्त वेळ उघडं ठेवणं, यात पैसे आणि माणसं लागतात, म्हणून ते समितीकडे जातं. कायद्यानुसार ज्ञानस्रोत केंद्रासाठी समिती असते. तिची पुढची मीटिंग कधी आहे ते ऑफिसात विचारा आणि तुमचा अर्ज मीटिंगच्या विषयपत्रिकेत घ्यावा अशी ओळ अर्जातच लिहा.

पायरी ५: अर्ज

एक पान. भाषा साधी. मी लाईटचा लिहिला तो साधारण असा होता:

"विषय: वाचन कक्षातील दिव्यांबाबत. महोदया, वाचन कक्षात आतील बाजूच्या चार टेबलांवर सायंकाळी वाचण्याइतका प्रकाश नसतो. आम्ही सलग सात दिवस सायंकाळी सात वाजता मोजणी केली. कक्षातील इतर सर्व जागा भरलेल्या असताना या टेबलांवरील २४ पैकी सरासरी १९ खुर्च्या रिकाम्या होत्या व विद्यार्थी जिन्यात बसले होते. मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे. तरी या ठिकाणी दिवे दुरुस्त करून मिळावेत, ही विनंती."

खाली पाच-सहा सह्या, विभाग आणि वर्षासकट. तीनशे सह्यांची गरज नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा, लगेच फोटो काढा. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरा, मी हे दोनदा भोगलंय, "असा अर्ज आमच्याकडे आला नाही" हे वाक्य ऐकून परत पहिल्यापासून सुरुवात. ईमेल करा पण फक्त ईमेलवर विसंबू नका.

पंधरा दिवसांनी जाऊन आवक क्रमांक सांगून विचारा. शांतपणे. मग परत पंधरा दिवसांनी.

पायरी ६: महिना बघून मागा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचं बजेट साधारण मार्चच्या आसपास अधिसभेत म्हणजे सिनेटमध्ये मांडलं जातं, म्हणजे त्याची आकडेमोड डिसेंबर-जानेवारीतच चालू असते. पैसे लागणारी मोठी मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत गेली पाहिजे. फेब्रुवारीत देऊन "यंदा बजेट नाही" ऐकून लोक निराश होतात, पण उत्तर खरं असतं. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून आलेले दहा सदस्य असतात, बजेटच्या मीटिंगआधी त्यातल्या कुणालातरी तुमचा एक पानी अर्ज आणि तक्ता नेऊन द्या, त्यांनाही ठोस आकडे असलेला मुद्दा हवाच असतो.

पुस्तकांचं मात्र उलट. ग्रँट संपवायची म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईनं खरेदी होते आणि तेव्हा ज्याची यादी तयार असते त्याची पुस्तकं येतात. म्हणून शिफारस फॉर्म ऑगस्टपासूनच भरायला लागा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, आयएसबीएन, किंमत, सगळं पूर्ण, आणि विभागप्रमुखांची सही. अर्धवट फॉर्म बाजूला पडतो कारण बाकीचं शोधायला कुणाला वेळ नसतो. त्यानंतर यादी मंजूर होणार, ऑर्डर जाणार, पुस्तक येणार, मग दाखल नोंद, वर्गीकरण, कॅटलॉग, पाठीवर लेबल, आणि मग रॅकवर. आमच्याकडे गठ्ठे येऊन चार-चार महिने सुतळीसकट पडून असायचे. तेव्हा आम्ही मागितलं ते एवढंच, की ज्या पुस्तकाची कुणी लेखी मागणी केलीय ते आधी प्रोसेस करा आणि त्या मुलाला फोन करा. याला एक रुपया लागला नाही. मार्चमध्ये आलेलं पुस्तक परीक्षेआधी हातात पडलं.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. प्रत्येक ग्रंथपालाला हे पाठ असतं. अर्जात ते योग्य जागी लिहिलं तर त्यांना परकं वाटत नाही, उलट तुम्ही त्यांच्याच कामाबद्दल बोलताय असं वाटतं. त्यांच्या जयंतीला, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिन असतो, त्या दिवशी जाऊन सगळ्या स्टाफला शुभेच्छा द्या, झालेल्या एखाद्या कामाबद्दल आभाराचं पत्र द्या. आमचं लाईटबद्दलचं आभारपत्र त्यांनी नोटीस बोर्डवर लावलं होतं.

दोन मागण्यांबद्दल थोडं वेगळं

रात्री उशिरापर्यंत लायब्ररी. ही सगळ्यांना हवी असते आणि सगळ्यात जास्त अडते, कारण वेळ वाढवली की सिक्युरिटी, शिफ्ट, वीज आणि जबाबदारी सगळं वाढतं. वर्षभरासाठी मागू नका. परीक्षेआधीचे तीस दिवस, फक्त रीडिंग हॉल, काउंटर बंद, एवढंच मागा, आणि रोज रात्रीच्या सह्यांचं रजिस्टर ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी आकडा हातात असतो. मुलींचा विचार पहिल्यापासून करा, लायब्ररीपासून हॉस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं. गेट आधीच बंद होत असेल तर रात्री बारापर्यंत उघडी लायब्ररी फक्त मुलांची झाली. आम्ही हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना आधी भेटलो, त्यांचं लेखी घेतलं, मग अर्ज केला.

दुसरं, दिव्यांग विद्यार्थी. माझ्यासोबत एक दृष्टिहीन मैत्रीण होती, ती पहिलं वर्षभर लायब्ररीत आलीच नाही, येऊन काय करणार म्हणायची. एका कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकायचं होतं, ते स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक हेडफोन, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयाची मेंबरशिप, ज्यात छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना चालतील अशा स्वरूपात पुस्तकं मिळतात. ज्या दिवशी ते मशीन चालू झालं त्या दिवशी ती संध्याकाळी सातपर्यंत उठली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मुळे हा हक्कच आहे, अर्जात तसं लिहा. रॅम्प, लिफ्ट, खाली हात पोचेल असं काउंटर हेही त्यातच. आणि ज्याला गरज आहे त्याला विचारून मागा, आपण त्यांच्या वतीनं अंदाजानं नको.

उत्तरच येत नसेल तर

आधी दोन स्मरणपत्रं, प्रत्येकाची पोच. मग आयक्यूएसीला एक प्रत द्या, म्हणजे नॅक या विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचं काम बघणारा आपल्याच विद्यापीठातला कक्ष, नॅकच्या मूल्यमापनात पायाभूत सुविधांमध्ये लायब्ररी धरली जाते, त्यामुळे तिथे हा कागद वाचला जातो. त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार ती प्रत्येक संस्थेत असायला हवी आणि तक्रार आल्यापासून शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. माहितीचा अधिकार सगळ्यात शेवटी ठेवा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारू नका, "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्या" असं विचारा. मी आठ वर्षांत तो एकदाच टाकला. तोंडी बोलून होत असताना टाकला तर ज्यांच्यासोबत रोज काम करायचं त्यांचं मन दुखावतं आणि पुढची चार कामं अडतात.

शेवटची पायरी, फाईल

आपण दोन वर्षांत जातो, अर्ज तिथेच राहतो, आणि पुढची बॅच परत शून्यापासून सुरू करते. म्हणून एक साधी बॉक्स फाईल करा. प्रत्येक अर्ज, पोच, मोजणीचे तक्ते, कोणत्या टेबलावर कोण बसतं, कोणत्या महिन्यात काय झालं, आणि काय नाकारलं गेलं व का, तेही. आमची फाईल विभागाच्या सेमिनार रूममधल्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे, वर निळ्या स्केचपेननं 'लायब्ररी' लिहिलंय. गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा फोन आला, ताई, पाण्याच्या कूलरचा अर्ज २०१९ चा दिसतोय, त्याचं पुढे काय झालं होतं? तिला म्हटलं, पान उलट, मागे पेन्सिलनं लिहिलंय, प्लंबिंगची लाईन त्या मजल्यावर नव्हती म्हणून अडलं होतं, आता नवीन टॉयलेट झालंय म्हणजे लाईन आली असणार, आधी जाऊन बघून ये.